आई घरी नसताना तान्ह्या बाळाचे दूध

बाळाला पहिले सहा महिने केवळ अंगावरचेच दूध द्यावे, वरून पाणीसुद्धा पाजू नये, ही गोष्ट आता आपल्या वस्त्यांतील बहुतेक माता-भगिनींच्या कानावरून गेलेली आहे. अंगणवाडीच्या भिंतीवर ती लिहिलेली असते, आशाताई घरी येऊन ती सांगतात आणि दवाखान्यातील परिचारिका बाळंतिणीला घरी पाठवताना तीच बजावतात. परंतु आई चार तास घराबाहेर गेली तर तेवढ्या वेळात बाळाने काय प्यावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आणि घोटाळा होतो तो नेमका येथेच.

आईला बाहेर जावे लागण्याची कारणे साधीच असतात. कोणाची परीक्षा असते, कोणाला बँकेत स्वतः सही करायला जावे लागते, कोणाला टाके दाखवायला दवाखाना गाठावा लागतो, तर कोणाच्या घरी दुसरेच माणूस इस्पितळात पडलेले असते. ती गेल्यावर दीड-दोन तासांनी बाळ रडू लागते. घरात आजी असते, नाहीतर आत्या, नाहीतर गोंधळलेला बाप. शेजारीण म्हणते, गाईचे दूध पाणी घालून द्या. दुसरी म्हणते, मधाचे बोट चाटवा. तिसरी दुकानातून पावडरचा डबा आणि बाटली आणवते. बाळ गप्प होते व सर्वांना हायसे वाटते. मात्र त्या एका दुपारी आणलेली बाटली पुढे कित्येक महिने घरातून हलत नाही. आईचे दूध 'पुरत नाही' असे मग सगळेच म्हणू लागतात आणि थोड्याच दिवसांत ते खरोखरच पुरेनासे होते.

हे का घडते ते समजून घेतले पाहिजे. आईचे दूध भरून ठेवलेल्या हंड्यासारखे नसते. ते विहिरीच्या झऱ्यासारखे असते. उपसा होईल तसे ते येत राहते. बाळ चोखते तेव्हा आईच्या शरीरात दूध तयार करणारे आणि ते पुढे ढकलणारे संप्रेरक स्रवते. स्तनात दूध तुंबून राहिले तर नवे तयार होण्याचा वेग आपोआप मंदावतो. बाळाचे पोट बाटलीने भरले की ते अंगावर कमी चोखते, कमी चोखले की दूध कमी येते आणि दूध कमी आले की पुन्हा बाटली पुढे येते. याखेरीज बाटलीचे रबरी बूच नीट स्वच्छ होत नाही, त्यातून जुलाबाला वाट मिळते, हा दुसरा तोटा आहेच. मधाचा धोका तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. मधात कधी कधी असे जिवाणू असतात की ज्यांच्या विषाने तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. म्हणून वर्षाच्या आतील मुलाला मधाचे बोटही लावायचे नसते.

बौद्ध वाचकांना या विषयाच्या संदर्भात महाप्रजापती गोतमीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया निवर्तली आणि मावशी गोतमीने त्या बाळाला अंगावर पाजून वाढविले. मज्झिमनिकायातील दक्खिणाविभंग सुत्तात आनंद तथागतांना तिच्या याच उपकाराची आठवण करून देतो. त्या काळी आईवाचून राहिलेल्या बाळाला दुसऱ्या स्त्रीचे दूध हाच एक खात्रीचा आधार होता. आपल्या खेड्यांतही जावा-जावांनी, शेजारणींनी एकमेकींची मुले पाजलेली आहेत आणि त्यात जिव्हाळा होता हे नाकारण्याचे कारण नाही. पण एचआयव्हीसारखे काही संसर्ग दुधावाटे बाळाकडे जाऊ शकतात हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणून तपासणी झालेली नसताना दुसरीचे दूध पाजू नये असे डॉक्टर सांगतात. दुसऱ्या मातांनी दिलेले दूध तपासून, जंतुविरहित करून पुरविणारी मानवी दूधपेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. आशियातील ती पहिली मानली जाते. परंतु दूधपेढीतील दूध मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या व आजारी बाळांसाठी असते. आपल्या घरच्या निरोगी बाळाच्या चार तासांसाठी उपाय त्याहून कितीतरी जवळ आहे, तो म्हणजे आईने स्वतःचेच दूध काढून ठेवणे आणि घरच्या माणसाने ते वाटीने पाजणे.

यांपैकी पहिली गोष्ट आईने शिकायची आहे. दुसरी गोष्ट मागे राहणाऱ्या माणसाने शिकायची आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची तीच. आईने कितीही दूध काढून ठेवले तरी आजीला त्याची किळस वाटली किंवा बापाला ते पाजता आले नाही, तर ते वाया जाते.

आधी तासांचा हिशेब

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. विवाहानंतर शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या आपल्या भगिनी पुष्कळ आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाल्यापासून तर घर सांभाळून पदवी घेण्याची वाट अनेकींना मिळाली. अशी एखादी भगिनी बाळंत झाली आणि बाळ तीन आठवड्यांचे असताना तिचा तालुक्याच्या गावी सकाळी दहा वाजता तीन तासांचा पेपर आहे, असे समजा. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये असा रिवाज आहे. त्या दिवसांत विश्रांती हवी हे खरेच, पण पेपर सव्वा महिना थांबत नाही. मग घरात एकच वाक्य ऐकू येते, 'पुढच्या वर्षी दे.' पुढच्या वर्षी बाळ रांगत असते, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरे काही निघते आणि पदवी राहून जाते. दुसऱ्या बाजूला, पेपर दिला पण बाळ बाटलीला लागले, हेही नुकसानच. या दोन्हींपैकी कोणतेही नुकसान सोसण्याची गरज नाही.

तीन तासांचा पेपर म्हणजे तीन तासांची गैरहजेरी नव्हे. नऊला घर सोडायचे, एकला सुटायचे आणि दोनला घरी पोहोचायचे, म्हणजे पाच तास झाले. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते. याचा अर्थ निघताना पोटभर पाजले तरी या पाच तासांत त्याला दोनदा भूक लागणार, आणि त्याला शांत करण्यापुरते तिसऱ्यांदाही थोडेसे लागू शकेल. काम दोन तासांच्या आतले असेल, तर निघण्यापूर्वी पाजणे आणि परतल्याबरोबर पाजणे एवढ्यानेच बहुधा भागते, तरीही एका वेळचे दूध काढून ठेवलेले बरे.

बाळाला सोबत नेता येणे शक्य असेल, तर सर्वांत उत्तम तेच. आजी किंवा बाप बाळाला घेऊन परीक्षा केंद्राजवळ कोणाच्या घरी, विहारात सावलीत बसला, तर पावणेदहाला एकदा आणि एक वाजता एकदा आई पाजू शकते आणि मधली एकच वेळ वाटीवर निभते. महिन्याच्या आतील बाळासाठी हा मार्ग आधी तपासावा. ऊन, पाऊस किंवा बसची गर्दी यांमुळे ते जमत नसेल, तरच बाळ घरी ठेवावे.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल किंवा कावीळ वगैरे कारणाने उपचार चालू असतील, तर पुढे सांगितलेले आपल्या मनाने करू नये. आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

दूध काढणे

हाताने दूध काढण्यास यंत्र लागत नाही आणि खर्चही नाही. फक्त सवय लागते. म्हणून पेपरच्या दिवशी प्रथमच न करता चार-पाच दिवस आधीपासून रोज एकदा काढून पाहावे. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला जेमतेम लागेल इतकेच दूध निघेल. त्यावरून 'मला दूधच नाही' असा निष्कर्ष काढू नये. बाळाच्या तोंडाची ओढ आणि शिकाऊ हाताची ओढ यांत पुष्कळ अंतर आहे. हाताला जेवढे आले तेवढेच दूध अंगात आहे असे मुळीच नाही.

तोंड रुंद असलेली स्टीलची वाटी किंवा पेला, त्यावर बसणारे झाकण आणि एक चमचा, एवढी भांडी घासून, दहा मिनिटे पाण्यात उकळून, पालथी घालून कोरडी होऊ द्यावीत. फडक्याने पुसू नयेत. फडके भांड्याइतके स्वच्छ नसते. आईने साबणाने हात धुवावेत. निवांत जागी बसावे, बाळ जवळ असेल तर उत्तम, त्याच्याकडे पाहूनच पान्हा येतो. कोमट पाण्यात भिजवलेले फडके स्तनावर काही मिनिटे ठेवावे. मागून कोणी पाठ हलकेच चोळली तर दूध लवकर सुटते, आणि हे काम नवऱ्याने करण्यास काहीच हरकत नाही.

आता अंगठा वर आणि पहिले बोट खाली, स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेवर ठेवावे. स्तनाग्रालाच धरून ओढायचे नाही. त्याने दूध येत नाही आणि दुखते मात्र. बोटे आधी छातीच्या दिशेने किंचित मागे दाबावीत, मग एकमेकींकडे दाबावीत आणि सोडावीत. दाबणे, सोडणे, दाबणे, सोडणे. आरंभी काहीच येत नाही, मग थेंब येतात आणि पान्हा सुटला की धारा लागतात. बोटे कातडीवर घासू नयेत, तर जागा बदलत सगळ्या बाजूंनी दाबावे, म्हणजे सर्व भागातील दूध निघते. एका बाजूस तीन ते पाच मिनिटे, मग दुसरी बाजू, पुन्हा पहिली असे करत पहिल्या काही दिवसांत वीस ते तीस मिनिटे लागतात. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे असे समजावे. एका बाजूला बाळ पीत असताना दुसऱ्या बाजूचे काढणे अनेकींना सोपे जाते, कारण पान्हा दोन्हीकडे एकदमच सुटतो.

किती काढावे? जन्मानंतर पहिल्या दिवशी बाळ एका वेळी चमचा-दीड चमचा चीकच पिते आणि तेवढे त्याला पुरते. पहिला आठवडा उलटल्यानंतर दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर असा हिशेब धरतात. तीन किलोच्या बाळाला दिवसाला ४५० मिलिलिटर, म्हणजे आठ वेळांत विभागले तर एका वेळी ५५ ते ६० मिलिलिटर. औषधाच्या बाटलीबरोबर खुणा असलेले लहान टोपण मिळते, त्याने घरातील वाटी एकदा मोजून ठेवावी. आपल्या उदाहरणातील भगिनीने साठ-साठ मिलिलिटरचे दोन वाटे आणि वीस-तीसचा एक लहान वाटा वेगवेगळ्या झाकणाच्या वाट्यांत ठेवावा. सगळे एकाच भांड्यात ठेवले, तर एकदा तोंड लागल्यावर उरलेलेही वाया जाते.

काढलेले दूध किती वेळ टिकते

अंगावरच्या दुधात जंतूंना आवर घालणारे घटक असल्यामुळे ते गाई-म्हशीच्या कच्च्या दुधापेक्षा अधिक टिकते. तरीही नवजात बाळासाठी घरातील सावलीच्या, गार जागी चार तास ही मर्यादा धरावी. काही पुस्तिकांत सहा ते आठ तासांचा आकडा छापलेला आढळतो. परंतु पत्र्याचे छप्पर, वैशाखातली दुपार आणि तीन आठवड्यांचे बाळ, अशा ठिकाणी मोठ्या आकड्यावर विसंबू नये. घर फार तापत असेल तर चार तासही वाट पाहू नये. फ्रिजमध्ये मागच्या बाजूस, दारात नव्हे, ठेवलेले दूध चोवीस तासांत निश्चिंतपणे वापरता येते. फ्रिज नीट थंड राहत असेल तर चार दिवसांपर्यंत चालते असे म्हणतात, पण जेथे वीज जाते-येते तेथे चोवीस तासांचा नियम बरा. वाटीवर काढल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. नुकतेच काढलेले कोमट दूध आधीच्या थंड दुधात ओतू नये. ते थंड करून मग मिसळावे.

हा हिशेब आपल्या उदाहरणाला लावून पाहा. साडेआठला काढलेले दूध घरात ठेवले तर साडेबारापर्यंतच चालेल आणि आई तर दोनला परतणार. म्हणजे ज्या घरी फ्रिज नाही तेथे दीड तासाची फट राहते. ती भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. शेजारच्या घरी फ्रिज असेल तर एक वाटी ठेवून घ्या असे सांगण्यास संकोच करू नये. किंवा रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात दुधाचा घट्ट झाकणाचा लहान डबा ठेवावा, बर्फाचे पाणी आत शिरू देऊ नये. बर्फ शिल्लक आहे तोवर ते दूध चांगले राहते.

ठेवलेल्या दुधावर साय आल्यासारखा थर जमतो आणि खालचे दूध निळसर, पाणचट दिसते. आजी म्हणते, नासले. ते नासलेले नसते. वाटी हलकेच फिरवली की एकजीव होते. आजीची दुसरी सवय म्हणजे दूध दिसले की गॅसवर ठेवणे. वरच्या दुधाच्या बाबतीत ती सवय योग्यच आहे, पण अंगावरचे दूध उकळू नये, त्यातील रोगापासून रक्षण करणारे घटक उकळण्याने नष्ट होतात. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी पाच मिनिटे ठेवली की पुरे. मनगटावर थेंब टाकून पाहावा. ना गार ना गरम लागला की झाले. मायक्रोवेव्ह असेल त्यांनी त्यात मुळीच तापवू नये, दूध कुठे थंड तर कुठे चटका बसेल इतके गरम होते.

मागे राहणाऱ्याचे काम

बाळ रडेपर्यंत थांबणे ही पहिली चूक. भुकेच्या खुणा त्याआधी दिसतात. बाळ मान इकडे-तिकडे वळवते, ओठ चाटते, मूठ तोंडात घालू पाहते. रडणे ही शेवटची खूण असते आणि रडून लाल झालेले बाळ वाटीने नीट पीत नाही. म्हणून अशा खुणा दिसू लागताच दूध कोमट करायला घ्यावे. घड्याळ पाहून पाजण्याची गरज नाही, तसेच झोपलेल्या बाळाला नियम म्हणून अर्ध्या तासाने उठवण्याचीही नाही. मात्र नवजात बाळ तीन तासांपेक्षा अधिक वेळ न पिता झोपून राहिले, तर हलकेच जागे करावे.

हात धुवावेत. बाळाला मांडीवर जवळजवळ बसते करावे, त्याची मान व पाठ आपल्या हातावर तोललेली असावी. आडवे निजवून कधीही पाजू नये, दूध श्वासनळीत जाते. हातपाय झाडून वाटी सांडू नये म्हणून दुपट्यात सैल गुंडाळावे आणि हनुवटीखाली फडके ठेवावे. वाटीची कड खालच्या ओठावर अलगद टेकवून वाटी इतकीच कलती करावी की दूध ओठाला लागेल. बस्स, इतकेच! दूध तोंडात ओतायचे नाही. बाळ जागे होते, तोंड उघडते आणि जिभेने चाटू किंवा ओठांनी ओढू लागते. त्याचा वेग त्यालाच ठरवू द्यावा. ते थांबले की आपण थांबावे, पण वाटी ओठापासून काढू नये. काहीजणांना चमचा सोपा वाटतो. चमचाही ओठाच्या कडेला टेकवून थोडे थोडे द्यावे आणि आधीचे गिळल्याशिवाय पुढचा देऊ नये. आपल्याकडचे जुने बोंडलेही चालते, मात्र त्याची चोच आतून घासली जात नाही. ते वापरायचे असेल तर प्रत्येक वेळी उकळावे, आणि त्यातून धार सोडण्याचा मोह टाळावा. साधी वाटी स्वच्छ करायला सर्वांत सोपी.

तोंड मिटले, मान फिरवली किंवा झोप लागली म्हणजे पोट भरले. साठ मिलिलिटर ठेवले होते म्हणून साठच संपले पाहिजे असा हट्ट धरू नये. एका वेळी चाळीस पिऊन दुसऱ्या वेळी सत्तर पिणारी बाळे असतात. थोडे सांडतेही, ते गृहीत धरावे. पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटावी, ढेकर आला की मग निजवावे. वाटीत उरलेले उष्टे दूध तासाभरात पुन्हा देता येते. त्यानंतर टाकून द्यावे. लेकीने अर्धा तास बसून काढलेले दूध मोरीत ओतणे आजीच्या जिवावर येते, हे समजण्यासारखे आहे. म्हणूनच लहान वाटे करण्याचे महत्त्व.

कित्येक बाळे पहिल्या खेपेस वाटी झिडकारतात. दहा मिनिटे कडेवर फिरवावे, आईची वापरलेली साडी अंगाभोवती घ्यावी, बाळ शांत झाले की पुन्हा प्रयत्न करावा. आईने आधीच्या दिवसांत एकदा-दोनदा हे करवून घ्यावे, आणि त्या वेळी तिने स्वतः समोर बसू नये; आईचा वास येत असताना बाळ वाटी का म्हणून घेईल? सराव करवून घेतला की बाप हे काम आजीइतकेच चांगले करतो. बाळाचे पाजणे म्हणजे बायकांचे काम, असे म्हणून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला तर ते त्याच्या अंगवळणी कसे पडणार?

आता अडचणीचा प्रसंग. आईला उशीर झाला, काढलेले दूध संपले किंवा सांडले, तर? आधी तिला फोन करून ती किती वेळात पोहोचते ते विचारावे. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रश्न असेल तर बाळाला कडेवर घेऊन निभावता येते. त्याहून अधिक उशीर असेल तर नवजात बाळाला उपाशी ठेवणे हा काही उपाय नव्हे. अशा वेळी डॉक्टरांना विचारून बाळाच्या वयाची दूधपावडर, उकळलेल्या पाण्यात, डब्यावरील मापाप्रमाणेच, पाणी न वाढवता तयार करून वाटीने एका वेळेपुरती द्यावी. पाणी घातलेले गाई-म्हशीचे दूध, साखरपाणी, ग्राइप वॉटर, गुटी यांपैकी काहीही देऊ नये. एकदा पावडर दिली म्हणून आभाळ कोसळत नाही. ती रोज बाटलीतून देण्याची सुरुवात होऊ नये एवढेच पाहायचे. दूधपावडर व बाटल्यांच्या जाहिरातींना आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने बंदी घातली, ती उगाच नव्हे.

बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग फार तापले किंवा गार पडले, श्वास जलद चालू लागला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर वाटी-चमच्याचे प्रयोग करत बसू नये. आईला निरोप धाडून बाळाला तडक दवाखान्यात न्यावे.

आई बाहेर असताना आणि परतल्यावर

तिसऱ्या तासापासून आईचे स्तन दाटू लागतात. पेपर लिहिताना बाळाची आठवण आली तरी पान्हा फुटतो. सुती कापडाच्या जाड घड्या आत ठेवाव्यात. आणि पान्हा सुटत असल्याचे जाणवताच दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन थोडे दाबून धरावे, म्हणजे ओघ थांबतो. पेपर सुटल्यावर घर लांब असेल तर कोठेतरी आडोसा पाहून थोडे काढून टाकावे, दाटून गाठ होऊ देऊ नये.

आडोसा आणि सवड यांचा प्रश्न नोकरी-मजुरी करणाऱ्या बाईसमोर तर रोजचाच. प्रसूतीपूर्वी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, अशी भूमिका बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना मांडली होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्या दिल्या, २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची केली आणि या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या. परंतु धुणेभांडी करणारी, भाजीची पाटी घेऊन बसणारी, बिगारी काम करणारी आपली भगिनी प्रत्यक्षात या लाभाबाहेरच राहते. तिच्यासाठी विहाराच्या आवारात एक पडदा लावलेला कोपरा, हात धुण्याची सोय आणि एक खुर्ची एवढे तरी मंडळांना सहज करता येईल. अभ्यासिका चालविणाऱ्या मंडळांनी परीक्षेच्या दिवसांत याचा अवश्य विचार करावा.

बाहेरून आलेल्या आईने आधी अंगावरचे दूध पिळून फेकावे, ते उन्हाने 'तापलेले' असते, असे अनेक घरांत मानतात. हा निव्वळ गैरसमज आहे. स्तनातील दूध उन्हाने तापत नाही, तुंबून नासतही नाही. हातपाय धुवावेत, पाणी प्यावे आणि बाळाला घ्यावे. स्तन फार दाटून कडक झाला असेल तर बाळाला नीट धरता यावे एवढ्यापुरते चार धारा काढाव्यात, बाकीचे त्यालाच पिऊ द्यावे. गाठ राहिली तरी त्या बाजूने पाजणे थांबवू नये. मात्र जागा लाल होऊन दुखू लागली व ताप आला तर दवाखान्यात दाखवावे, पाजणे तेव्हाही चालूच ठेवावे.

त्या रात्री बाळ बहुधा नेहमीपेक्षा अधिक वेळा उठते, पुन्हा पुन्हा अंगावर घे म्हणते. दुपारी पोट भरले नव्हते असा त्याचा अर्थ आजीने लावू नये, आणि बाटलीचा विषय काढू नये. आईने त्याला मागेल तितके पाजावे. रात्रीच्या पाजण्याने दूध वाढते. दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल तर दूध पुरते आहे असे समजावे. एक-दोन दिवसांत बाळ आपल्या नेहमीच्या वेळांवर येते. पुढचा पेपर तीन दिवसांनी असेल, तर मधल्या दिवसांतही रोज एकदा दूध काढण्याचा आणि वाटीने पाजण्याचा सराव चालू ठेवावा.